पंचफुलाबाई दाईचं ताट

पंचफुलाबाईला जाडी म्हणायची झरी गावात कुणाची टाप नव्हती. निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली, आणि ज्याची नाळ आपण कापली त्याला भर बाजारात 'गप बस रे नागड्या' म्हणायचा हक्क तिनं स्वतःच घेऊन टाकला होता. त्यामुळे लोक जपून बोलायचे. अंगानं भरलीय म्हणायचे, खाल्लेलं अंगी लागतंय म्हणायचे. बहात्तरच्या दुष्काळात सगळा जिल्हा खडी फोडून फोडून वाळला, तेव्हाही पंचफुलाबाई होती तशीच राहिली, याचं गावाला उलट कौतुकच होतं. अंगावर मांस असणं हा आजार असू शकतो असं त्या दिवसांत कुणी म्हणालं असतं, तर लोकांनी त्यालाच धरून दवाखान्यात नेलं असतं.

त्या देहाची सुरुवात मात्र उपासमारीत झाली होती. पंचफुला जन्मली निजामाच्या राज्यात. तिची आई कडूबाई गावची सुईण, वतनाची. कुणाची लेक-सून अडली की कडूबाईला परसदारानं आत घ्यायचे आणि काम उरकलं की परसदारानंच बाहेर काढायचे. मग अंगणात पदर पसरून उभं राहायचं. घरची बाई ओट्यावरून, चांगली हातभर उंचावरून, भाकरी पदरात सोडायची, शिवाशिव नको. एखादी भाकरी पदर चुकवून मातीत पडायची. कडूबाई ती उचलायची, फुंकायची, आणि शेजारी उभ्या पोरीच्या हातात द्यायची. पोरगी खायची. भूक लागल्यावर मातीची चव कळत नाही, पण पुढं जन्मभर आठवते.

छप्पन साली धर्मांतर झालं. पंचफुलानं नवरा लिंबाजीसोबत दीक्षा घेतली आणि घरातले देव ओढ्यात सोडून आली. देव गेले तसे त्यांचे उपासतापासही गेले. बावीस प्रतिज्ञांवर तिनं आपल्या मनानं एक तेविसावी जोडली, की आता सुईणपण बंद. सहा वर्षं ती कुणाच्या बाळंतपणाला गेली नाही. लोकांनी बोलावणी धाडली, शिव्या घातल्या, पण ती खुरपं घेऊन मजुरीला जात राहिली.

मग सरकारी दवाखान्यानं दायांचं शिक्षण काढलं. लिंबाजी शाळेत शिपाई होता, चार अक्षरं वाचणारा. तो म्हणाला, "हे वतन न्हाई पंचफुले, ही सरकारची नोकरी हाय. पेटी मिळायलीय, कागद मिळायलाय." पंचफुला गेली. नखं कापायची, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, पातं उकळायचं, मगच नाळेला लावायचं. आईला जे ठाऊक नव्हतं ते सगळं शिकून आली.

पहिलं बोलावणं आलं ते किशनराव पाटलांच्या घरून. थोरली सून दोन दिवस अडलेली. पंचफुलाबाईनं पेटी ओसरीवर ठेवली आणि पाटलांची बायको लक्ष्मीबाई समोर आल्या त्यांना तोंडावर सांगितलं, "पाटलीनबाई, वरून टाकलेलं मी घेनार न्हाई. ताटात वाढाल तर जेवन, न्हाईतर तुमचा चहाबी नको."

आत सून किंचाळत होती. असला करार करायची ही वेळ होती का? पण पंचफुलाबाईला पक्कं माहीत होतं, की हीच वेळ होती. नंतर कुणी ऐकलं नसतं.

"वाढते गं माय, वाढते! आदी आत तर चल!" लक्ष्मीबाई ओरडल्या.

मुलगा झाला. ओसरीवर पाट मांडून, ताटात तूप सुटलेला शिरा वाढला गेला. दोनदा वाढला. पंचफुलाबाईनं दोनदा खाल्ला.

तिथून रीत पडली. पाटलाच्या घरी ताट मिळालं म्हटल्यावर दुसऱ्या घराला मागं राहता येईना. बाळंतपण झालं की दाईला ओसरीवर ताट, पाचवीला ताट, बाराव्याला घुगऱ्या आणि पुन्हा ताट. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वळले की त्यातले चार दाईचे. 'नको' हा शब्द पंचफुलाबाईला कधी सुचलाच नाही. जे ताट मिळवायला दोन पिढ्या गेल्या ते परत कोण करतं? ती बोटानं तुपाचा शेवटचा थेंब पुसून घ्यायची. तिच्या अंगावर हळूहळू चढलं ते दुसरंतिसरं काही नव्हतं, तेरा-चौदा वर्षांचा मान होता. ती त्यात सुखी होती. मला तिचं त्यात काही चुकलं असं आजही वाटत नाही.

पण गुडघ्यांना मान-अपमान कळत नाही. पंचाहत्तरच्या आषाढात भर दुपारी तात्यारावांच्या वस्तीवरून गडी आला. वस्ती गावापासून दीड कोस. तात्यारावांची सून गीताबाई, पहिलटकरीण, पोट दुखायला लागलेलं. पंचफुलाबाई पेटी घेऊन निघाली. काळ्या रानाचा चिखल, पावलागणिक पायाला शेर-शेर माती. पहिल्या बांधावर तिला दम लागला, ती बसली. बाभळीखाली बसली. पुन्हा दोनदा बसली. गडी नुसता वाट बघत उभा.

ती पोचली तेव्हा लेकरू झालेलं होतं. गुलाबी, टणटणीत, मुठी आवळून रडणारं. सासूनं वाट पाहून पाहून गवत कापायच्या विळ्यानं नाळ कापली होती. "उशीर झाला दाई, पर समदं ब्येस झालं बगा," म्हणत तिनंच ताट वाढलं. पंचफुलाबाईनं विळ्याकडं पाहिलं, नाळेकडं पाहिलं. जेवढं पुसता आलं तेवढं पुसलं, औषध लावलं. आणि मग ताट जेवली.

सातव्या दिवशी लेकरानं दूध सोडलं. जबडा मिटला तो उघडेना. बैलगाडीनं सडकेला आणि तिथून बसनं परभणीला नेलं, तिथं ते गेलं. धनुर्वात.

तिला कुणी बोल लावला नाही. गाव म्हणालं, सटवीनं पाचवीला लिहून ठेवलं होतं तेवढंच आयुष्य. पण पंचफुलाबाईचा सटवीवर विश्वास राहिला नव्हता. देव सोडलेल्या माणसाची ही एक अडचण असते, दोष ठेवायला दुसरं कुणी उरत नाही. चार ठिकाणी बसले म्हणून लेकरू गेलं, हे ती मनाशी रोज म्हणू लागली. आणि एक दिवस आपणहून दवाखान्यातल्या काबरा डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

हा डॉक्टर नवा होता, काडीसारखा, जिंतूरकडचा. त्यानं तिला काट्यावर उभं केलं.

"चौऱ्याण्णव किलो."

"म्हंजे किती?"

"ज्वारीचं पोतं असतं ना, त्यात सहा किलो कमी."

"मंग भरायला जागा हाय की अजून," पंचफुलाबाई म्हणाली आणि स्वतःच हसली. डॉक्टर हसला नाही. त्यानं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. लघवी निळ्या औषधात घालून उकळली, ती हिरवी-पिवळी झाली. गुडघे दाबून पाहिले.

"पंचफुलाबाई, साखर डोकवायला लागलीय. दाब वाढलाय. गुडघे तर गेलेच. आणि याला माझ्याकडं गोळी नाही. मागचं कोठार बघा, सुकडी आणि दुधाच्या पावडरीनं गच्च भरलंय. वरच्यांना वाटतं इथं सगळे वाळलेलेच. जाड माणसाचं काय करायचं याचा साधा कागदसुद्धा कुणी पाठवला नाही. तुमचं औषध तुमच्याच हातात. शिरा, तूप, गूळ, लाडू बंद. एका वेळेला एक भाकरी, संध्याकाळी अर्धी. रोज चालायचं. पुढच्या पावसाळ्याच्या आत पंधरा किलो उतरवा. नाहीतर मी तुम्हाला वस्त्यांवर पाठवणार नाही. इथंच बसा, पाणी तापवा."

पाणी तापवा! तिनं सात गावं पायाखाली घातली होती. ज्या बायांना दवाखान्याची पायरी चढू देत नव्हते त्यांच्यासाठी ती होती. ती दवाखान्यात बसली तर त्या बायांच्या नाळेला पुन्हा विळाच लागणार होता.

"घरचं सोडते मी," ती म्हणाली. "पर बाळंतपणाच्या घरचं ताट कसं सोडू? नको म्हणलं तर लोकायला राग येतोय."

"सोपं आहे. उपास आहे म्हणून सांगा. उपासाला कुणी आग्रह करत नाही."

डॉक्टर सहज बोलून गेला, पण पंचफुलाबाईचा चेहराच बदलला. "डॉक्टरसाब, उपास आमी छप्पन साली सोडले. आता परत त्या देवाच्या दारात जाऊ का, भाकरी कमी करायला?"

"करू नका हो. नुसतं सांगा."

"खोटं बोलायचं न्हाई, हीबी प्रतिज्ञाच हाय."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. खरंच पंचाईत होती. अख्ख्या मराठी मुलखात यजमानाला न दुखवता ताट परत करायला एकच शब्द चालतो, आणि नेमका तोच तिला बंद होता.

लिंबाजीनं घरी तोड काढली. आपल्या धम्मात उपोसथ आहे, पौर्णिमेला दुपारी बारानंतर जेवायचं नाही, ते सांग म्हणाला. "आवं, बाळंतपन काय पौर्णिमा बगून येतंय का?" पंचफुलाबाई म्हणाली, आणि ती तोड तिथंच संपली. मग तिनं कमी खाऊन पाहिलं. पण ताटात टाकणं तिच्या हाताला जमेना. मातीतली भाकरी खाल्लेल्या माणसाला शिरा टाकवत नाही. घरी ती एका भाकरीवर राहायची, रोज पहाटे सडकेनं चालून यायची, आणि आठवड्यात एक बाळंतपण झालं की सगळं भरून निघायचं. दोन महिन्यांत काटा दोन किलोही हलला नाही. डॉक्टर आकडा लिहायचा, बोलायचा काही नाही. त्यापेक्षा तो रागावला असता तर बरं, असं तिला वाटायचं.

दिवाळीनंतर पुन्हा पाटलांकडचं बोलावणं आलं. धाकटी सून. सकाळी दहाच्या सुमाराला मुलगी झाली, काही अडचण न येता. पंचफुलाबाई हात धुऊन ओसरीवर पाटावर बसली. लक्ष्मीबाई ताट घेऊन आल्या. आता त्याही साठीच्या, अंगानं चांगल्याच सुटलेल्या, भिंतीला धरून चालणाऱ्या.

ताट जर्मनचं होतं, हलक्या अॅल्युमिनियमचं. त्या घरात सगळे पितळी ताटांत जेवत. हे जर्मनचं ताट ओसरीवरच्या कोनाड्यात, चपला ठेवतात त्याच्या वर, वेगळं ठेवलेलं असे, आणि जेवण झालं की पंचफुलाबाई ते स्वतः धुऊन पुन्हा तिथंच ठेवी. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ताटात वाढा म्हणून तिनं करार केला होता; कोणत्या ताटात ते सांगायचं राहून गेलं होतं. इतकी वर्षं ते तिनं स्वतःपासूनही लपवलं होतं.

"पाटलीनबाई, शिरा नको."

लक्ष्मीबाई थांबल्या. "बेस्तरवार धरलास का? उपास हाय?"

शब्द त्यांनीच पुढं केला होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. 

"न्हाई. उपास न्हाई. मला खायचं न्हाई."

लक्ष्मीबाईंनी पुढं केलेलं ताट मागं घेतलं. त्या एकदम पडलेल्या आवाजात म्हणाल्या, "कामून गं? आमच्या घरचं चालत न्हाई का तुला?"

हे वाक्य ऐकायला कडूबाई हवी होती! पदर पसरून उभ्या राहिलेल्या कडूबाईच्या लेकीला पाटलीण विचारत होती, आमच्या घरचं चालत नाही का. पंचफुलाबाईला क्षणभर असं गोड वाटलं की त्यापुढं शिरा काहीच नव्हता. नाही चालत म्हणावं आणि पेटी उचलून निघावं, असंही मनात आलं. मग तिनं वर पाहिलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी, आणि पंचफुलाबाईला तिची दया आली.

"तसं न्हाई, पाटलीनबाई," ती म्हणाली. "तात्यारावाच्या वस्तीवरचं लेकरू माज्यानं गेलं. मी वाटंत चार जागी बसले. ह्या अंगानं चालवत न्हाई मला. डॉक्टरनं सांगितलंय, वजन उतरलं न्हाई तर पेटी ठेवून घेनार. शिरा तुमचा ग्वाडच हाय. पर मला चालायचंय."

लक्ष्मीबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग ताट घेऊन आत गेल्या. पंचफुलाबाईला वाटलं, संपलं. आता या घरचं बोलावणं यायचं नाही. ती उठायला लागली, तेवढ्यात त्या परत आल्या. हातात पितळी ताट, त्यात एक भाकरी आणि मेथीची भाजी. भिंतीला धरून, कण्हत कण्हत त्या तिच्यासमोर खाली बसल्या. चौदा वर्षांत त्या तिच्यासमोर कधी बसल्या नव्हत्या, वाढून दारात उभ्या राहायच्या. त्यांनी भाकरी मोडली. अर्धी ताटात ठेवून ताट पंचफुलाबाईकडं सरकवलं आणि अर्धी आपल्या तळहातावर घेऊन तिच्यावर भाजी ठेवली.

"मलाबी त्या काबऱ्यानं अर्धीच सांगितलीया," त्या म्हणाल्या. "साखर निगाली. घरात धा मानसं जेवायलेत अन् मी चोरावानी अर्धी भाकर घेऊन बसायलेय. एकटीनं घशाखाली उतरंना बग."

दारातून किशनराव मोठ्यानं खाकरले.

"काय खोकायलाव? आत जावा," लक्ष्मीबाई मागं न बघता म्हणाल्या.

दोघी सावकाश जेवल्या. अर्धी भाकरी सावकाश खाल्ली तर पुरते, हे पंचफुलाबाईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ताट तिनं धुवायला घेतलं तर लक्ष्मीबाईंनी काढून घेतलं.

ही गोष्ट गावात पसरायला दुपार पुरली. पाटलाकडं दाईला अर्धी भाकरी म्हटल्यावर बाकीच्या घरांनीही तीच रीत उचलली. सगळ्यांनी काही तिच्यासमोर बसून खाल्लं नाही. एका घरच्या चांगुणाबाईनं तर भाकरी दिली तीही कोनाड्यातल्या वेगळ्या ताटातच. एकदोन घरांना शिऱ्याचं तूप वाचल्याचाच आनंद झाला. ज्याची त्याची रीत. पंचफुलाबाई मात्र आता ताटाकडं बघायची आणि कोणत्या घरचं कोणतं ताट हे स्वतःपासून लपवायची नाही.

ज्येष्ठ लागला. काट्यावर त्र्याऐंशी.

"पंधरा सांगितले होते," काबरा डॉक्टर म्हणाला. "अकराच उतरले."

"चार ऱ्हाऊ द्या की डॉक्टरसाब. एकदम समदं गेलं तर लोक वळकायचे न्हाईत."

या वेळी डॉक्टर हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "एक काम आहे. तात्यारावांच्या सुनेला सातवा लागलाय. धनुर्वाताची सुई घ्यायला दोनदा निरोप पाठवला, ती येत नाही. तुम्ही जाल?"

 वर्षभर पंचफुलाबाई त्या वाटेला गेली नव्हती. गीताबाईला तोंड दाखवायचं धाडस तिला झालं नव्हतं. पण नाही कशी म्हणणार? याच वाटेसाठी तर ती वर्षभर चालली होती.

ती निघाली. ऊन डोक्यावर, ढेकळांनी पाय वाकडे पडत होते. पहिल्या बांधाशी गुडघा कळवळला. बाभळीची सावली आली तेव्हा जीव इतका म्हणाला बस, बस, की तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं आणि चालत राहिली.

गीताबाई अंगणात धान्य पाखडत होती. पोट चांगलं दिसायला लागलेलं. दाईला पाहून तिचं सूप थांबलं. या म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. पार जवळ येऊ दिलं आणि मग खालच्या आवाजात विचारलं, "कितीदा बसलाव वाटंत?"

म्हणजे गड्यानं सांगितलं होतं. बोल कुणी लावला नव्हता, पण हिनं वर्षभर तेवढंच मोजलं होतं.

"एकदाबी न्हाई," पंचफुलाबाई म्हणाली.

गीताबाईनं तिच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं पाहिलं, मग तोंडाकडं. पाखडलेलं बाजूला सारून ती उठली.

"मंग उद्या येते मी सुईला," ती म्हणाली. "अन् माज्या टायमाला तुमीच या. दुसरं कुनी नको."

 पंचफुलाबाईनं मान हलवली, आणि वर्षभर दाबून ठेवलेलं रडू त्या अंगणात उभ्या उभ्या रडून घेतलं.